मोबाईलवरची औषधे आणि कामगारांचे आरोग्य

अंबत्तूर हे चेन्नईच्या वायव्येचे उपनगर. १९६० च्या दशकात राज्य सरकारने तेथे लघुउद्योगांची वसाहत उभारली आणि अरक्कोणम मार्गाच्या लोकलने येणारा कामगार तेथली यंत्रे चालवू लागला. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली. लोकल थांबली, कारखान्यांना टाळे लागले, जवळचे खासगी दवाखानेही बरेचसे बंद झाले. उघडा राहिला तो हातातला मोबाईल. कल्याण, भुसावळ, सोलापूर येथील आपल्या वसाहतींचे चित्र याहून फारसे वेगळे नव्हते.

त्या एप्रिलमध्ये तामिळनाडू सरकारने 'कबसुर कुडिनीर' हा सिद्ध पद्धतीचा पंधरा घटकांचा काढा पुढे आणला. चेन्नई महापालिकेने तो वाटला. अंबत्तूर याच पालिकेचा सातवा विभाग आहे. सरकारी कागदावर हा काढा प्रतिकारशक्ती वाढवणारा होता. एका मोबाईलवरून दुसऱ्यावर जाता जाता तो कोरोनावरचे औषध झाला. मे महिन्यात कोयंबेडूच्या एका वैद्याला खात्रीचा इलाज सापडल्याचा प्रचार केल्याबद्दल पोलिसांनी अटक केली. त्याच महिन्यात त्याच शहरात सर्दी-खोकल्याचे औषध बनवणाऱ्या एका कंपनीतील औषधतज्ज्ञ स्वतः तयार केलेले रसायन स्वतःवरच आजमावताना मरण पावला. जाणकाराची ही गत, तर भीतीने ग्रासलेल्या सामान्य माणसाची काय कथा?

सिद्ध किंवा आयुर्वेद यांच्याशी आमचे वैर नाही. आजीचा काढा आम्हीही प्यायलो आहोत. परंतु पुरावा मागणे म्हणजे परंपरेचा अपमान, असे वातावरण मुद्दाम तयार केले जाते. २०१७ साली डेंग्यूच्या साथीत अभिनेते कमल हासन यांनी ट्विटरवर एवढेच लिहिले की, संशोधन होईपर्यंत आपल्या चाहत्यांनी निलवेंबू काढा वाटू नये. त्यावर त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली.

बड्यांचे वर्तन तरी काय सांगते? २१ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची ट्विटरवर भलामण केली आणि आपल्याकडेही दुकानांतून या गोळ्या दिसेनाशा झाल्या. ज्यांना संधिवातासाठी त्या रोज लागतात त्यांची पंचाईत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत रुग्णालयातील रुग्णांना त्यांचा उपयोग होत नसल्याचे दिसले. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या प्रमुख शास्त्रज्ञ, मूळच्या चेन्नईच्या डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी चाचणीबाहेर हे औषध वापरू नये याची आठवण करून दिली.

आणि कोरोनिल! जून २०२० मध्ये पतंजलीने वाजतगाजत ते आणले. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी राज्यात अशी विक्री चालू देणार नाही असे बजावले. चेन्नईची एक कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, कारण 'कोरोनिल' हे नाव तिने १९९३ मध्येच नोंदवले होते. कशासाठी, तर कारखान्यातील यंत्रे साफ करताना वापरायच्या रसायनासाठी! एकल न्यायाधीशांनी लोकांच्या भीतीचा फायदा घेतल्याबद्दल पतंजलीला दहा लाख रुपयांचा भुर्दंड सुनावला. खंडपीठाने पुढे तो आदेश उठवला, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्न केवळ अज्ञानाचा असता तर व्याख्याने देऊन भागले असते. ज्याला ताप आल्यावर घरी बसता येते, पगार बुडत नाही आणि डॉक्टर भेटतो, त्याला फॉरवर्ड झालेल्या औषधाची फारशी गरज पडत नाही. टाळेबंदीत मालगाडी चालवणारा चालक व गार्ड, घरोघर औषधांची पार्सले पोचवणारा पोस्टमन, रोजंदारीवरचा कंत्राटी सफाईवाला यांच्यापुढे कामावर जाण्यावाचून मार्ग नव्हता. 'काढा घेतलाय, आता काही होत नाही' हा दिलासा त्यांना हवाच होता. काढ्याने अपाय झाला नाही असे धरले तरी या दिलाशापायी मास्क हनुवटीवर उतरतो, धाप लागलेली असताना दोन दिवस निघून जातात आणि रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर होतो. व्यवस्थापनालाही हे सोयीचे असते. चूर्णाच्या पुडीचा खर्च तो किती? पगारी रजा महाग पडते.

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात जादूई इलाजांची जाहिरात गुन्हा आहे. पण शंभर हातांतून आलेल्या निनावी संदेशाचा जाहिरातदार कोणाला धरणार? एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. एवढ्याने काय होणार!

म्हणून शाखांनी आपल्या मोबाईल गटांवर औषधाचा कोणताही संदेश रेल्वे रुग्णालयाच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय टाकू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक गटात त्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक असावा. आणि व्यवस्थापनापुढच्या पुढील मागणीपत्रात साथीच्या काळातील पगारी विलगीकरण रजा, कंत्राटी कामगारांसह सर्वांना, ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहावी.