सातवीच्या वर्गात 'तान्हाजी' दाखवावा का?

१/ दाखवावा; मात्र शेजारी अस्सल कागद ठेवून. २०२० च्या या चित्रपटातील 'नागिन' तोफ काल्पनिक आहे, हे मुलांना सहज पटते. खरी कसोटी पुढे आहे.

२/ तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही कथा सर्वश्रुत. लढाई फेब्रुवारी १६७० ची. परंतु शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच सिंहगडाचा उल्लेख येतो.

३/ शिक्षकांनी निष्कर्ष सांगू नये. दोन्ही सने फळ्यावर लिहून थांबावे. 'मग ही गोष्ट आली कुठून?' असे एखाद्याने विचारले, की इतिहासाचा तास सुरू झाला.

४/ या प्रश्नाने तानाजींचे शौर्य उणावत नाही. तो वर्गात विचारलाच गेला नाही, तर मात्र पडदा हाच मुलांचा एकमेव पुरावा ठरेल.