डॅशबोर्डवरची बखर : बोरघाट आणि 'ॲव्हरेज'चा आकडा

१/ मुंबईहून निघालेली गाडी लोणावळ्याला पोहोचली, की डॅशबोर्डचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. पडद्यावर एक आकडा असतो आणि सोबत एक ओळ : 'घाट धरून एवढे ॲव्हरेज!' तो आकडा पुरावा म्हणून फिरतो आणि त्यावरून गाड्यांची प्रतवारी लागते. पुराव्याचा हा मान त्या आकड्याला मिळता कामा नये, हे या धाग्याचे प्रतिपादन.

२/ बखरकार खोटेच लिहितो असे नाही. परंतु तो कोठून आरंभ करतो, काय गाळतो आणि कोणासाठी लिहितो, हे तपासल्याखेरीज बखर पुरावा ठरत नाही. वि. का. राजवाडे यांनी अस्सल समकालीन कागदांचा आग्रह धरला तो याचसाठी. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच दृष्टी होती. डॅशबोर्डवरचा आकडा ही बखर होय. पेट्रोल पंपाची पावती हा अस्सल कागद.

३/ आधी शब्द पाहावा. महाराष्ट्रात 'गाडी किती ॲव्हरेज देते?' असे विचारले जाते. या प्रश्नात सरासरी कशाची, कोठपासून आणि कोठपर्यंत, हे सारे लुप्त झालेले असते. ॲव्हरेज जणू गाडीचा जन्मजात गुण, तिच्या रंगासारखा. वस्तुतः प्रत्येक सरासरीला एक आरंभबिंदू असतो, आणि तो कोणीतरी निवडलेला असतो.

४/ हे समजण्यासाठी मावळाच्या पश्चिम कडेइतकी उत्तम प्रयोगशाळा नाही. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची घाटवाट पूर्ण झाली. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत लोहमार्गाला १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर चढावे लागले, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट असा होता.

५/ या चढाचा हिशेब रेल्वेने सपाटीच्या हिशेबात कधी मिसळला नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला ज्यादा इंजिने जोडली जातात. त्यांना 'बँकर' म्हणतात. मुंबई ते पुणे अशी सरासरी काढून 'एका इंजिनात भागते' असे कोणी ठरवले असते, तर गाडी घाटातच उभी राहिली असती.

६/ उताराचाही हिशेब याच डोंगरात ठेवला गेला. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून खाली आणून टाटांच्या खोपोली वीजगृहात १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली. उंचीचे मोल मोजता येते आणि विकताही येते, हे या घाटाने शतकापूर्वी दाखवले. आजची थ्री-फेज विद्युत इंजिने घाट उतरताना ब्रेकमधली ऊर्जा तारेत परत पाठवतात.

७/ आता मोटारीकडे वळावे. १,२०० किलो वजनाची गाडी ५५८ मीटर वर नेण्यास सुमारे ६.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात. इंजिन त्यांपैकी पाव भाग चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर निव्वळ उंचीसाठी सुमारे ०.८ लिटर जळते. हवेचा रोध, टायरांचे घर्षण आणि वाहतूक कोंडी यांचा खर्च निराळा.

८/ उतरताना हे ०.८ लिटर परत मिळत नाही. साध्या पेट्रोल वा डिझेल गाडीत ती ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत आणि इंजिनाच्या रोधात संपते. पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीचा आकडा मात्र उलट प्रवासापेक्षा चांगला दिसतो. त्याचे श्रेय चालक घेतो किंवा कंपनीला देतो. ते असते सह्याद्रीचे.

९/ हा आकडा तयार कसा होतो? बहुतेक गाड्यांत पेट्रोल प्रत्यक्ष मापून घेतले जात नाही. इंजिनाचा संगणक प्रत्येक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला याची नोंद ठेवतो आणि इंजेक्टरच्या ठरावीक प्रवाहावरून इंधनाचा अंदाज बांधतो. अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून काढले जाते. एकूण अंतराला एकूण इंधनाने भागले, की पडद्यावर 'ॲव्हरेज' उमटते.

१०/ म्हणजे दोन्ही बाजूंना अनुमान आहे. इंजेक्टर जुना झाला, टायर झिजला, की हिशेब थोडा सरकतो. तरीही हा दोष किरकोळ मानावा. मोठा दोष आरंभबिंदूचा. खंडाळ्यात घाटमाथ्यावर आकडा शून्य करून खोपोलीला उतरावे. पडद्यावर पराक्रम दिसेल. खोपोलीत शून्य करून चढावे; तीच गाडी, तोच चालक, आणि आकडा लाजिरवाणा. बखरीचे पहिले पान कोठे उघडले, यावर नायक ठरतो.

११/ दुसरी फसगत गणिताची. समजा, घाटाचे १५ किमी चढताना लिटरला ७.५ किमी मिळाले आणि तेच १५ किमी उतरताना ३०. पुष्कळ जण दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे करतात : १८.७५. खरा हिशेब असा : चढताना २ लिटर, उतरताना अर्धा लिटर, ३० किमीला २.५ लिटर, म्हणजे लिटरला १२ किमी. उताराचा सुखद आकडा चढाचे कर्ज फेडू शकत नाही.

१२/ तिसरी फसगत एककाची, आणि ती सर्वांत खोल आहे. लिटरला ८ किमी देणारी गाडी १० देऊ लागली, तर १०० किमीमागे २.५ लिटर वाचतात. २० देणारी २५ देऊ लागली, तर केवळ १ लिटर. पडद्यावर मात्र पहिली सुधारणा २ ची दिसते आणि दुसरी ५ ची. 'किमी प्रति लिटर' हे एकक तहानलेल्या गाडीचे पाप लहान करून दाखवते.

१३/ शासनाला हे ठाऊक नाही असे कोणी समजू नये. २०१७ पासून लागू झालेले भारताचे 'कॅफे' निकष १०० किमीमागील लिटरांत लिहिलेले आहेत : सर्व कंपन्यांच्या सरासरीसाठी आधी ५.४९, पुढे २०२२-२३ पासून ४.७७. कंपनी आपला हिशेब शासनाला खर्चाच्या भाषेत देते. ग्राहकाला तोच हिशेब सहसा कौतुकाच्या भाषेत दाखवला जातो.

१४/ या आकड्याचा जन्मही निरागस नाही. १९७३ च्या तेलकोंडीनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला आणि कंपन्यांवर ताफ्याच्या सरासरीची सक्ती आली. १९७८ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये मायक्रोप्रोसेसरवर चालणारा 'ट्रिप कॉम्प्युटर' जास्त पैसे मोजून घेता येऊ लागला. मोठ्या इंजिनाच्या आलिशान गाडीत सरासरी दाखवणारा पडदा आला, तो काटकसरीच्या काळातले भूषण म्हणून.

१५/ 'पण पुण्याची एआरएआय प्रमाणित आकडा देतेच ना?' देते, आणि तो तुलनेसाठी उपयुक्त आहे. परंतु वर्षानुवर्षे वापरली गेलेली भारतीय चाचणी प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून होते आणि तिचा सर्वोच्च वेग ताशी ९० किमी असतो. त्या रुळांना बोरघाट नाही. प्रमाणपत्रातला आकडा घाटात शोधणे म्हणजे मैदानी मुलखाचा नकाशा घेऊन राजमाचीची वाट शोधणे.

१६/ इथवरचा वाद पैशाचा वाटेल. घाटात तो जिवाचा होतो. उतारावर गाडी न्यूट्रल केली की ॲव्हरेज वाढते, ही समजूत आजही पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. तिचा उगम कार्ब्युरेटरच्या काळात आहे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या इंजिनात पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी थोडे पेट्रोल ओढले जातच असे. गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरे, म्हणून न्यूट्रलमध्ये थोडी बचत संभवत होती.

१७/ इंजेक्शनच्या इंजिनात हिशेब उलटला. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन शून्य लागते. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, आणि त्यासाठी ताशी साधारण अर्धा ते एक लिटर जळते. तीव्र उतारावर न्यूट्रल करणारा बचत करत नाही. तो जास्तच जाळतो.

१८/ शिवाय तो इंजिनाचा रोध गमावतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते. मालाने भरलेल्या ट्रकने उतारावर इंजिन बंद केले, तर ब्रेकसाठी हवा भरणारा काँप्रेसरही थांबतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे न्यूट्रलवर उतरू नका, असे वारंवार बजावले जाते ते उगाच नव्हे. कालबाह्य समजूत आणि आकड्याचा लोभ एकत्र आले, की त्याची किंमत पुढच्या गाडीतले कुटुंब मोजते.

१९/ एक आक्षेप रास्त आहे : 'चालकाच्या बढाईपेक्षा पडदा बरा. तो निदान सातत्याने मोजतो.' हे मान्य केले पाहिजे. तोच रस्ता, तीच गाडी, तोच आरंभबिंदू असेल, तर पडदा चालकाला त्याच्या सवयी निश्चित दाखवतो. बखरही असेच साहाय्य करते. पण बखरीवरून निवाडा करू नये. तिची कागदाशी पडताळणी करावी.

२०/ ती पडताळणी साधी आहे. टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुन्हा, शक्यतो त्याच पंपावर, टाकी पूर्ण भरावी. मधले अंतर आणि पावतीवरचे लिटर, एवढेच खरे. असे चार-पाच वेळा केले, की पडद्याचा कल कोणत्या बाजूला झुकतो ते कळते. जुन्या टॅक्सीचालकांच्या वह्यांना यासाठी संगणक लागत नव्हता.

२१/ आणि मागणी कंपन्यांकडे करावी. पडद्यावर सरासरीच्या शेजारी एकूण लिटर दिसावेत. आकडा कोणत्या दिवशी, किती किलोमीटरवर शून्य केला ते दिसावे. १०० किमीमागील लिटर हे मूळ एकक असावे, हवे त्याने ते बदलावे. ही माहिती गाडीच्या संगणकात आजच मोजली जाते. ती दाखवण्यास तंत्रज्ञान अडत नाही, इच्छा अडते.

२२/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी हा विषय यंत्रज्ञांवर सोडून देऊ नये. सनावळीतील एक साल संशयास्पद वाटले, तर ते दहा साधने उलगडतात. हातातल्या चाकासमोर उजळणाऱ्या आकड्यालाही तेच चार प्रश्न विचारावेत : लिहिले कोणी, कोठपासून, कोणत्या मापात, आणि गाळले काय? बोरघाटात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १,८३१ फूट उंच आहे.