संकल्पना एक, शब्द अनेक: प्रमाण कोणी घडवायचे?

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. माणसाला हा भेद संदर्भावरून उमगतो, यंत्राला उमगत नाही. माहितीप्रणालीच्या आराखड्यात शब्दालाच संकल्पनेची ओळख मानले, तर विद्यार्थी आणि कैदी एकाच रकान्यात जाऊन बसतील.

असे आराखडे ज्या प्रतिमान-भाषांत मांडले जातात, त्यांपैकी सर्वपरिचित ‘यूएमएल’ ही भाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात घटकाला नाव एकच, आणि व्यवहारात ते बहुधा इंग्रजी. पुढे याच संस्थेच्या २००८ मधील ‘एसबीव्हीआर’ या प्रमाणाने समान अर्थ मानणारा समुदाय आणि समान शब्द वापरणारा समुदाय यांत स्पष्ट भेद केला. एकाच प्रतिमानाला अनेक शब्दसंग्रह जोडता यावेत, यासाठी स्वतंत्र प्रमाण घडवण्याचे कामही तिने हाती घेतले आहे. त्यामागील तत्त्व साधे आहे: ओळख संकल्पनेला द्यावी आणि शब्द तिच्यावर लावलेल्या पाटीसारखे मानावेत.

आरोग्यक्षेत्रात हे तत्त्व रुळलेले आहे. भारत २०१४ पासून सदस्य असलेल्या ‘स्नोमेड सीटी’मध्ये मधुमेहाचा क्रमांक ७३२११००९ आहे; नाव कोणत्याही भाषेत लिहिले तरी क्रमांक तोच राहतो. जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ वर्गीकरणातील आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचा विभाग प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाची ‘नमस्ते’ ही संज्ञावलीही आहे.

खरी कसोटी मात्र येथेच लागते. आयुर्वेदातील ‘प्रमेह’ वीस प्रकारांचा असून ‘मधुमेह’ हा त्यांतील केवळ एक. आयुर्वेदात ‘ज्वर’ हा स्वतंत्र व्याधी मानला जातो, तर आधुनिक वैद्यकात ताप हे बहुतेकदा लक्षण असते. या संज्ञांमध्ये सरसकट बरोबरीचे चिन्ह घातले, तर नोंदी नीटनेटक्या दिसतील, पण त्यांवर आधारलेले संशोधन चुकेल.

म्हणून अनेक शब्दसंग्रहांच्या प्रमाणात केवळ पर्यायी नावांची सोय पुरेशी नाही. दोन संज्ञांमधील नाते समान, व्यापक, संकुचित की अंशतः जुळणारे, हे नोंदवणे बंधनकारक असावे. शब्दसंग्रह कोणाचा, आवृत्ती कोणती आणि जुळणी कोणी तपासली, हेही नोंदीसोबत असावे. नोंदीचे काम वाढेल, ही तक्रार खरी आहे. परंतु चुकीच्या जुळणीची किंमत शेवटी रुग्णालाच मोजावी लागते.

वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून भारतीय भाषांत परिभाषा घडवत आहे. इतका अनुभव असलेल्या देशाने तयार प्रमाणाचे केवळ भाषांतर करत बसणे योग्य नव्हे. प्रमाण घडते त्या मेजावर भारतीय भाषांचे जाणकार बसले पाहिजेत. संगणकशास्त्र आणि भाषा या दोन्हींत रस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी याहून मोलाचे कार्यक्षेत्र क्वचितच सापडेल.