उरलेल्या बारदान्याचा हिशेब

धानखरेदी तोंडावर आली की आमच्याकडे बारदान्याच्या तक्रारी सुरू होतात. यंदा आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगावकडच्या पत्रांत एकच सूर आहे. केंद्रावर पोती नाहीत म्हणून काटा थांबतो, आणि त्याच दिवसांत भरडाई झालेल्या धानाची रिकामी पोती गिरणीच्या शेडमध्ये उंदरांच्या तोंडी जातात. ती मोजून परत घ्यायला खरेदी यंत्रणेतले कोणी फिरकत नाही. अन्नधान्य तागाच्या पोत्यातच भरावे, असा 1987चा कायदा आहे. पण तागाचा तुटवडा झाला की पीपी-एचडीपीईच्या प्लास्टिक पोत्यांना मुभा मिळते. 2020च्या टाळेबंदीत बंगालमधल्या ताग गिरण्या बंद पडल्या, तेव्हा ती द्यावीच लागली. अडचणीच्या वर्षी हे समजण्यासारखे आहे. पण हाताशी असलेली पोती न मोजल्यामुळे तुटवडा होत असेल, तर तो खपवून घेता येणार नाही.

शंभर क्विंटल धानाचे 40 किलोप्रमाणे 250 कट्टे होतात. 67 टक्के उताऱ्याने तांदूळ निघतो 67 क्विंटल, म्हणजे 50 किलोची 134 पोती. 116 पोती शिल्लक राहतात. शंभर क्विंटलमागे एवढी, तर अख्ख्या हंगामात किती, हे प्रत्येकाने आपल्या मिलच्या वहीत पाहावे. एकदा वापरलेले पोते हुकाने फाटते, शिवण उसवते, हा अधिकाऱ्यांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण नवे पोते लागते ते गोदामात थप्पीला लागणाऱ्या तांदळाला. केंद्रावरून गिरणीपर्यंत येणाऱ्या धानाला निवडलेले, सांधलेले जुने पोते सहज चालते. त्यासाठी पोत्यांची मोजणी हंगाम संपल्यावरच्या अंतिम हिशेबात न ढकलता तांदूळ जमा होतो त्याच दिवशी व्हायला हवी. यात नवा पैसा लागत नाही, एक नोंदवही आणि एक सही लागते.

प्लास्टिकला पर्याय म्हटले की आता जैवप्लास्टिकची जाहिरात पुढे येते. पीएलए या जैवप्लास्टिकची पिशवी साधारण 58 अंशांची उष्णता राखणाऱ्या औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच नीट कुजते. गावच्या उकिरड्यात ती तशीच पडून राहते. तागाचे तसे नाही. तागावरही खनिज तेलाची प्रक्रिया होते, त्याचा वास तांदळाला लागतो, हे मात्र खरे. त्याला उत्तर आपल्याच कोंड्यात आहे. राइस ब्रान तेलाने प्रक्रिया केलेली, हायड्रोकार्बनमुक्त पोती बनतात आणि निर्यातीच्या मालाला वापरली जातात. कोंडा सॉल्व्हंट प्लँटला विकणाऱ्या आपल्या जिल्ह्याने अशा पोत्यांची मागणी आजवर का लावून धरली नाही?

आता आपल्या सभासद मिलधारकांविषयी. स्वतःच्या ब्रँडचा 25 किलोचा तांदूळ ताग परवडत नाही म्हणून पीपीत जातो. दमट हवा आणि किराणा दुकानदाराची पसंती पाहता ही पद्धत एका हंगामात बदलणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण विणलेल्या पीपीवर बीओपीपीचे लॅमिनेशन असले तर दोन्ही थर पॉलीप्रॉपिलीनचेच असतात आणि वितळवून त्यांचा पुनर्वापराचा दाणा बऱ्यापैकी होतो. आतून पॉलिथिनचे अस्तर लावले की तोच माल भंगारवाला हलक्या भावाने उचलतो किंवा सोडून देतो. अनेक मिलधारक आजही निव्वळ दिखाव्यासाठी अस्तराची पोती मागवतात. फाटकी पीपी पोती, सुतळी आणि भुसा एकाच ढिगात टाकून दाणा बनवणाऱ्याकडे पाठवतात, आणि भाव मिळाला नाही की रात्री ढीग पेटवून देतात. धूर गावाच्या नाकात जातो आणि बोल सगळ्या मिलधारकांना बसतो. हे बंद झाले पाहिजे. आपल्या आवारात ढीग जळत असताना यंत्रणेकडे बोट दाखवायला आपल्याला तोंड उरत नाही.

म्हणून सर्व मिलधारकांना विनंती आहे. पहिला काटा लागण्याआधी शेडमधला बारदाना मोजा. चांगला, सांधण्याजोगा आणि टाकाऊ असे तीन ढीग करा आणि आकड्यांसह लेखी पत्र खरेदी यंत्रणेला देऊन पोच घ्या. त्या पत्राची प्रत आमच्याकडे पाठवा. आलेले आकडे आम्ही मिलनिहाय छापू आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवू.