वहीतलं फणसाचं पान
माझी भाची देवरूखला तिसरीत आहे. परवा तिची वही चाळत होते. ‘आज मी काय शिकले’ या पानावर आंब्याचं आणि फणसाचं पान भाताच्या शितांनी चिकटवलेलं, खाली लिहिलेलं: ‘फणसाचं पान तोडलं की चीक येतो, आंब्याचं चुरडलं की कैरीचा वास येतो. हे मला आधीच माहीत होतं. बाईंनी विचारलं तेव्हा कळलं, हासुद्धा अभ्यास आहे.’ ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. असंच करून-बघून शिकण्यासाठी २०२४ मध्ये सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, चांगलंच केलं. पण ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं तेव्हाच पानं, बिया, शिंपले हीच साधनं मानली होती. मग हे शनिवारपुरतंच का? सप्तलिंगी नदीकाठच्या या गावात चिंचोक्यांना काय तोटा? बुधवारच्या गणितालाही ते चालतील. भाचीच्या पानावर लाल शाईची बरोबरची खूण आहे. मला तिथे एक प्रश्न हवा होता: चीक येतो कशासाठी? सकाळी आम्ही दोघी परसातल्या फणसाखाली तेच बघत बसलो होतो, बोटं चिकट झालेली, शेजारी खोबरेलाची वाटी.