शुद्धतेचा निकष आणि वेदनेचा निकष

मांसाहार नैतिक आहे काय, हा वाद महाराष्ट्रात बहुधा चुकीच्या जागी सुरू होतो, कारण आहाराची प्रतवारी येथे शतकानुशतके सोवळ्याओवळ्याने, म्हणजे शुद्धाशुद्धतेच्या जातिबद्ध कल्पनेने, ठरवली आणि पुढे तीच प्रतवारी नीती म्हणून मिरवू लागली. मृत गुराचे मांस खाण्याची रीत अस्पृश्यतेशी कशी जोडली गेली, याची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात केली. मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्याने कोणाचाही जीव घेतलेला नसतो आणि तरीही सर्वांत कठोर बहिष्कार त्याच्याच वाट्याला आला. शुद्धतेचा हा निकष नीतीचा नव्हता, हे दाखवण्यास एवढे पुरेसे आहे.

नीतीने विचारायचे ते वेदनेविषयी. प्राण्याला विचार करता येतो की नाही यापेक्षा त्याला यातना होतात की नाही हे पाहावे, अशी मांडणी इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्ये केली, तर ‘प्रजातिवाद’, म्हणजे केवळ परक्या प्रजातीचा म्हणून एखाद्या जिवाचे दुःख कमी लेखणे, ही संकल्पना तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या 1975 मधील ग्रंथामुळे सर्वदूर पोहोचली.

हा निकष लावला की दूध आणि अंडीही चौकशीतून सुटत नाहीत. ब्रॉयलर कोंबडी, म्हणजे केवळ मांसासाठी झपाट्याने वाढवलेली जात, साधारण 6 आठवड्यांत कापली जाते. अंड्यांसाठी पोसलेल्या जातीचे नर पिल्लू मात्र व्यवसायाच्या कामाचे नसल्याने बहुधा जन्मताच मारले जाते. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि तिच्या वासरांपैकी सुमारे निम्मे टोणगे निघतात, ज्यांना व्यापारी गोठ्यात उपासमार किंवा खाटीक याखेरीज फारसे भवितव्य नसते. 2015 मध्ये महाराष्ट्रात लागू झालेल्या कायद्याने गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी घातली, पण वेदना तीच असूनही म्हैस त्यातून वगळली गेली.

पर्याय परवडत असताना केवळ चवीसाठी जीव घेणे समर्थनीय नाही, हा निष्कर्ष टाळता येत नाही. मात्र त्याचा पहिला भार मासळीवर जगणाऱ्या कोळ्यावर किंवा सणावाराला बकरे कापणाऱ्या गरीब कुटुंबावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तो भार रोज चिकन, अंडी आणि पनीर विकत घेऊ शकणाऱ्या शहरी ग्राहकावर आहे. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि कुक्कुटपालनातील अरुंद पिंजऱ्यांना हेच कलम काटेकोरपणे लावावे, ही मागणी शाकाहारी व मांसाहारी या दोघांनाही आजच करता येण्यासारखी आहे.