गोठ्यातली विजेची पेटी पावसाळ्याआधी तपासा

बीड जिल्ह्यातील शेतकरी व पशुपालक बंधू-भगिनींनो,

गोठ्यात किंवा कडबाकुट्टीच्या शेडमध्ये विजेची पेटी बसवताना आपण बहुधा किंमत आणि पत्र्याची जाडी पाहतो. पाहायला हवी ती तिथली हवा. आपला जिल्हा दुष्काळी, इथे ओल कुठली, असे कुणी म्हणेल. पण गोठ्याची ओल पावसावर अवलंबून नसते. जनावरांचा श्वास, धुतलेली जमीन, साचलेले मूत यांमुळे तिथे बाराही महिने दमटपणा राहतो आणि मुतातून सुटणारा अमोनिया तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा खात जातो. सांधा काळा पडतो, सैल होतो, तापतो. उघडी पडलेली वायर पत्र्याच्या पेटीला टेकली आणि अर्थिंग धड नसेल, तर अख्ख्या पेटीत करंट उतरतो. ओल्या जमिनीवर चार पायांवर उभ्या गाई-म्हशींना तर माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा झटकाही भारी पडतो.

म्हणून गोठ्यासाठी पॉलिकार्बोनेटची किंवा फायबरची, ‘आयपी 65’ छापलेली पेटी घ्या. यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही, 5 म्हणजे पाण्याची धार सोसते. मात्र पेटीच्या डोक्यावर भोक पाडून वायर आत घातली की या आकड्याला अर्थ उरत नाही. वायर खालूनच, घट्ट बसणाऱ्या ग्लँडमधून घ्या. बंद पेटीतही रात्रीच्या गारव्याने आतल्या वाफेचे पाणी होते. ते निथळावे म्हणून तळाशी ब्रीदर बसवून घ्या. वरून प्लास्टिकची पिशवी किंवा गोणपाट बांधणे हा उपाय नव्हे, त्याने ओल आतच कोंडते.

पत्र्याच्या साध्या पेटीपेक्षा हा खर्च जास्त आहे, हे खरे. पण दुभत्या म्हशीच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे आणि माणसाच्या जिवाची तर तुलनाच नको. ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तरही पुरे पडत नाही. 16 अँपियरचा एमसीबी 16,000 मिलिअँपियरपर्यंत थांबून राहतो. माणूस दगावायला त्याचा अगदी लहान अंशही पुरतो. जीव वाचवायला गळता करंट ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो. पावसात तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे अनेक आहेत. तो पडतो कारण करंट कुठेतरी गळतो आहे. ती गळती शोधा, आरसीसीबी काढू नका. पेटी प्लास्टिकची असली तरी मोटारीचे आणि कडबाकुट्टीचे अर्थिंग लागतेच.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गोठा म्हाताऱ्या माणसांच्या, पोरांच्या हाती राहतो. पेटीला हात तेच लावतात. तेव्हा मृगाआधी परवानाधारक वायरमनकडून पेटी, ग्लँड, अर्थिंग तपासून घ्या आणि निघण्यापूर्वी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहा. पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा, जनावरे लांब बांधा आणि वायरमन येऊन जाईपर्यंत वीज सुरू करू नका.